बर्फावरचा टायर आणि उसाची टायरगाडी

बीड जिल्ह्यात रस्त्यावर बर्फ साचत नाही. तरी टायरचा इतिहास शिकवताना आम्ही इथल्या ऊसतोड कामगारांच्या टायरगाडीकडे बोट दाखवतो.

लाकडी चाकाची लोखंडी धाव मऊ जमिनीत रुतते. जॉन डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेचा टायर बनवला. तो जमिनीवर रुंद टेकतो, कमी रुततो, म्हणून गाडी ओढायला हलकी जाते. फिनलंडमध्ये १९३४ साली बर्फाळ रस्त्यांवरील ट्रकसाठी खास टायर निघाला. त्याच्या खोल खाचा बर्फात रुतून पकड घेत. साधे रबर थंडीत कडक होऊन घसरते. म्हणून पुढे थंडीतही मऊ राहणारे रबर आले.

मोटारीचे चाक रस्त्याला मागे रेटते, म्हणून मोटार पुढे जाते. ब्रेकही चाकालाच असतो. बैलगाडीचे चाक मात्र नुसते फिरते. रेटा देतो तो बैलाचा खूर. गाडीला ब्रेक नसेल, तर उतारावर तिला थोपवायचेही खुरांनीच. त्यांना ठोकलेली लोखंडी नाल गुळगुळीत डांबरावर घसरते.

गाडी हलकी चालू लागली, तसे ओझे वाढले. जनावरांच्या छळाला आळा घालणाऱ्या १९६५ च्या नियमांनीही टायरच्या गाडीला बिनटायरच्या गाडीपेक्षा जास्त वजन मान्य केले. खुराची पकड मात्र होती तेवढीच राहिली.

वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा: टायरने ओढणे सोपे केले, पण थांबवणे सोपे केले का?