जागचे न हलता शहर सोडणारी गावं

मुंबईतली जागा परवडेना म्हणून गिरगाव-परळमधली कित्येक मराठी बिऱ्हाडं डोंबिवलीला आली. मानपाडा रस्त्याने पुढे, कल्याण-शीळ रस्त्याच्या आसपासच्या गावांनी मात्र उलटा डाव मांडला: घर तिथंच ठेवून शहरालाच रामराम!

1983 मध्ये कल्याण महापालिका झाली आणि ही 27 गावं तिच्यात ओढली गेली. नळाला पाणी नाही, घरपट्टीचं बिल मात्र वेळेवर, ही गावकऱ्यांची जुनी तक्रार. संघर्ष समिती उभी राहिली. 2002 मध्ये गावं सुटली, ग्रामपंचायती परतल्या. पट्टी हलकी झाली खरी, पण बेकायदा चाळी-इमारतींनाही रान मोकळं मिळालं. हा हिशेब कुणी फारसा मांडत नाही.

2015 मध्ये सरकारने गावं पुन्हा पालिकेत घातली. 2020 मध्ये त्यांतली 18 वेगळी काढायचं ठरलं. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला.