वारशानें आलेलें दुःख

चित्रकथा म्हणजे मुलांच्या करमणुकीची वस्तु, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतूनही आढळते. तिचा इतिहासाशीं कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु आर्ट स्पीगलमन या अमेरिकन चित्रकाराचा 'माउस' हा ग्रंथ वाचल्यावर ही समजूत टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

स्पीगलमनचे आईबाप, व्लादेक व आन्या, पोलंडांतील ज्यू होते. नाझी राजवटींत दोघांनाही आउश्वित्सच्या छळछावणींत नेण्यांत आलें. युद्धाच्या अखेरीस दोघें जिवंत राहिलीं. त्यांचा पहिला मुलगा रिशू मात्र वांचला नाहीं. आर्टचा जन्म १९४८ सालचा, स्टॉकहोम येथील. ज्या भावास त्यानें कधीं पाहिलें नाहीं, त्याची तसबीर आईबापांच्या खोलींत होती. आणि त्या तसबिरीशींच आपली स्पर्धा होती, असें तो लिहितो. १९६८ सालीं आईनें आत्महत्या केली. जें संकट मुलानें स्वतः भोगलें नाहीं, त्याच्या छायेंतच तो वाढला.

पुढें त्यानें बापाकडून सर्व हकीकत वदवून घेऊन ध्वनिमुद्रित केली. १९८० पासून 'रॉ' या नियतकालिकांत ती क्रमशः आली. ग्रंथरूपानें पहिला भाग १९८६ सालीं व दुसरा १९९१ सालीं निघाला; १९९२ सालीं त्यास विशेष पुलित्झर पारितोषिक मिळालें. त्यांत ज्यूंना उंदरांचीं व जर्मनांना मांजरांचीं मुखें दिलीं आहेत. ज्यांनीं ज्यूंना उपद्रवी प्राणी ठरविलें, त्यांचेंच रूपक येथें त्यांच्यावर उलटविलें आहे.

ग्रंथाचें खरें महत्त्व मात्र पुराव्याच्या हाताळणींत आहे. छावणींत वाद्यवृंद वाजत असे, असें लेखी पुरावे सांगतात. बापास तें आठवत नाहीं. चित्रकार दोन्ही गोष्टी ठेवितो: प्रथम वादक दिसतात, आणि पुढील चित्रांत चालत्या कैद्यांच्या रांगेनें ते झांकले जातात. बापासही त्यानें देव्हाऱ्यांत बसविलें नाहीं. त्याचा चिक्कूपणा, हेका, इतर वर्णाच्या लोकांविषयीं तिटकारा, सर्व कांहीं तसेंच दाखविलें आहे. दुःखानें मनुष्य शुद्धच होतो, हा समज येथें गळून पडतो.

आन्यानेंही आपली हकीकत लिहून ठेविली होती. तिच्या मृत्यूनंतर व्लादेकनें त्या वह्या जाळल्या. हें कळतांच मुलगा बापास खुनी म्हणतो, व तेथेंच पहिला भाग संपतो. तिची बाजू कल्पनेनें रचणें चित्रकारास अवघड नव्हतें. त्यानें ती रिकामीच ठेविली. आणि त्या रिकामेपणामुळेंच वाचकास आन्या विसरतां येत नाहीं. घरोघरीं जुने कागद अडगळ म्हणून चुलींत जातात. त्यांपैकीं एखाद्या घरीं हा ग्रंथ वाचला गेल्यास, कागद टाकण्यापूर्वीं एकवार वाचून पाहण्याची बुद्धि तरी होईल, अशी आम्हांस आशा आहे.