दुकान उठले, पेढी तगली

गिऱ्हाइकाचा हात आखडला की दुकानाच्या फळ्या लागतात, हा बाजाराचा जुना नियम आहे. ब्रिटनमध्ये वूलवर्थ्स या पेढीची आठशेंहून अधिक दुकाने होती. २००९ च्या जानेवारीत त्यांतील शेवटची बंद झाली. एवढ्या मोठ्या पसाऱ्याची ही गत, तेथे लहान दुकानदाराने मंदीत काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर बेळगावच्या इतिहासात सापडते.

१८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत. वडीलबंधू रामुअण्णा त्या विकीत आणि घेणाऱ्यास चालविण्यासही शिकवीत. पुढे मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावास आले. सायकल ही शहरी हौसेची वस्तू. तिला गिऱ्हाईक ते कितीसे असणार? त्यांनी आपली दृष्टी शेतकऱ्याकडे वळविली. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले. मग लोखंडी नांगर.

हे नांगर जवळजवळ दोन वर्षे विकले गेले नाहीत. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. या समजाला हसणे सोपे आहे. परंतु १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी मुंबई इलाख्यातील कुणबी पोळला होता. अनोळखी अवजारात पैसा घालण्याचे धाडस त्याने का करावे? किर्लोस्करांनी गिऱ्हाइकास दोष दिला नाही आणि नांगरही सोडला नाही. त्या नांगरानेच पुढे त्यांचे नाव गावोगावी नेले.

त्यातच दुसरे संकट आले. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेने त्यांस जागा सोडावयास लावली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जागा दिली, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात आज किर्लोस्कर रोड हे नाव तेवढे त्या दिवसांची आठवण देते.

तथापि, दुकानदाराची चिकाटी एकटी पुरत नाही. गिऱ्हाइकाच्या कनवटीस पैसाही हवा. निपाणीची बाजारपेठ तंबाखूवर पोसलेली. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील तंबाखू-उत्पादकांनी रास्त भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिलला गोळीबार झाला. शेतकरी प्राणास मुकले. हा लढा शेतकऱ्यांचा म्हणून ओळखला जातो, आणि ते खरेच आहे. परंतु तंबाखूचा भाव पडला की कापडाचे ठाण उलगडत नाही, वाण्याची उधारी वसूल होत नाही, सोनाराच्या पेढीवर कोणी फिरकत नाही.

नवी गरज ओळखणे आणि प्रसंगी जागा बदलणे एवढे दुकानदाराच्या हाती असते. उरलेला अर्धा हिशेब शेताच्या बांधावर ठरतो. तो जेथे चुकतो, तेथे उत्तम दुकानदारालाही फळ्या लावाव्या लागतात.