पुठ्ठ्याच्या छिद्रापासून लेझरपर्यंत

१/ सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड मागावर नक्षी प्रथम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर छिद्रांच्या रूपात उतरे. जेथे छिद्र, तेथे ताण्याचा धागा उचलला जाई. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये घडलेल्या या यंत्राने आराखडा कारागिराच्या हातातून काढून पट्टीत साठवला.

२/ लेझर कटर त्याच विचाराचा वारस. लाकूड, अ‍ॅक्रिलिक कापणारा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध केला तो सी. कुमार एन. पटेल यांनी. जन्म बारामती, १९३८; अभियांत्रिकीची पदवी पुण्याची.

३/ २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब उभी राहिली. संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे खेड्यातील मुलांच्या हाती आली.

४/ समजा, चमच्यांचा स्टँड करायचा आहे. प्लायवूड ३ मिलिमीटर जाडीचे, म्हणून खाचही ३ मिलिमीटरची आखली, तर जोड सैल बसतो. कारण किरण कडेचे थोडे लाकूड जाळून नेतो. म्हणून आधी त्याच प्लायवूडच्या तुकड्यावर निरनिराळ्या रुंदीच्या खाचा कापून पाहाव्या लागतात.

५/ पट्टीतले चुकीचे छिद्र नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात उमटते. आराखड्यातली चुकीची खाच प्रत्येक स्टँडमध्ये. यंत्र नक्षीइतक्याच निष्ठेने चूकही जपते. पहिल्या नमुन्याचे मोल त्यामुळेच.