आगाप आणि मागास : एका शब्दजोडीचा इतिहास

संशोधनात शब्दाचा अर्थ कोशात बघून थांबू नका, असं आपण नेहमी ऐकतो. पण म्हणजे नेमकं काय करायचं? आज ‘आगाप’ हा शब्द घेऊन बघू.

आगाप म्हणजे नेहमीच्या वेळेआधी पेरलेलं किंवा हाती येणारं पीक. आगाप पेरणी, आगाप द्राक्षं. त्याच्या उलट मागास पेरणी. ‘आग-’चं मूळ संस्कृत ‘अग्र’मध्ये आहे: अग्र, प्राकृतात अग्ग, मराठीत आग. इथे विस्तवाच्या ‘आग’शी गल्लत नको, ती ‘अग्नि’वरून आली. ‘माग’ आला ‘मार्ग’वरून: मार्ग, मग्ग, माग. पुढे गेलेल्याच्या वाटेवरून येतो तो मागे.

आता वारणानगरच्या आजूबाजूचा ऊस बघा. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पूर्वहंगामी, त्यानंतरचा सुरू. आडसाली सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. म्हणजे तो आधी लावला, तरी आधी तुटेलच असं नाही. ‘लवकर’ म्हणताना लागण धरायची की तोड, हे आधी ठरवावं लागतं. आगाप हा पिकाचा जन्मजात गुण नव्हे. कशाच्या तरी तुलनेतली ती वेळ आहे. तसंच पेरणी मागास झाली म्हणून रान वाईट ठरत नाही. पाऊस लांबला असेल, बियाणं किंवा बैल वेळेवर मिळाले नसतील.

हीच ‘मागास’ची गोष्ट याच जिल्ह्यात फार मोठी झाली. 26 जुलै 1902 रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या आदेशात हे वर्ग कोणते, याची व्याख्याही तुलनेनंच केली आहे: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे. यात माणसांच्या अंगभूत कुवतीचं मोजमाप नाही. शिक्षण आणि नोकरीची संधी कुणाला आधी मिळाली, कुणाला मिळालीच नाही, हा मुद्दा आहे.

पण जपून! शेतातला ‘मागास’ थेट सरकारी कागदात गेला, असं यावरून सिद्ध होत नाही. मूळ एक असणं वेगळं आणि एकातून दुसरा निघणं वेगळं. त्यासाठी मधल्या काळातले कागद लागतात.

आज मात्र ‘मागास’ हा शब्द कुणाच्या तरी स्वभावाला चिकटवलेला सर्रास ऐकू येतो. प्रबंधात तो लिहाल तेव्हा वाक्यात दोन उत्तरं असू द्या: कुणाच्या तुलनेत मागास, आणि पेरणी कुणी अडवली?