पिवळे पान आणि विहिरीचे पाणी

पिंपळे सौदागर म्हटले की आज उंच इमारती, हिंजवडीला जाणारी वाहने आणि फ्लॅटचे भाव डोळ्यांपुढे येतात. शेतीच्या इतिहासात मात्र या गावाचे नाव वेगळ्याच कारणासाठी कोरलेले आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पवनेकाठच्या या गावाची खडान्‌खडा पाहणी केली आणि 1917 मध्ये ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. अर्थशास्त्राचे अभ्यासक तिच्यातला एकच निष्कर्ष वारंवार सांगतात: 1771 मध्ये सरासरी 40 एकर असलेली खातेदाराची जमीन 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आली. पण मॅन मुळात रसायनशास्त्रज्ञ होते. पुण्याला येण्याआधी त्यांनी आसामच्या चहामळ्यांसाठी काम केले होते. म्हणूनच पिंपळे सौदागरची पाहणी कर्ज आणि कुटुंबांपासून सुरू होत नाही. आधी खडक, माती, निचरा आणि पाणी येते, नंतर पिके आणि त्यानंतर माणसे. रोप का सुकते, पान का पिवळे पडते, या प्रश्नाकडे पाहण्याची योग्य दिशा याच क्रमात आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण आणि मावळ या पट्ट्यात गेल्या शतकभरात खते बदलली, औषधे आली, शेतावर प्लास्टिकचे छप्पर चढले. पण रोपाच्या दुखण्याचे निदान करताना आपण हा क्रम उलटा केला. पान आधी पाहिले, बाटली लगेच घेतली, पाण्याची चौकशी केलीच नाही.

मॅन यांच्या मनात हा क्रम कसा पक्का झाला, हे पाहायला थोडे दक्षिणेला जावे लागते. 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि दुष्काळी मुलखात ऊस उभा राहिला. काही वर्षांतच खोलगट जमिनींवर पांढरे क्षार फुलू लागले, पीक पिवळे पडून खुंटू लागले. जमिनीचा कस गेला, खत कमी पडते, हा उघड दिसणारा अर्थ होता. मॅन आणि वि. अ. तम्हाणे यांनी 1910 मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर जी पत्रिका लिहिली, तिने बोट ठेवले ते पाण्यावर. भरमसाट पाणी, अपुरा निचरा आणि त्यामुळे वर येणारे क्षार. अशा जमिनीत खत ओतणे म्हणजे क्षारांत आणखी क्षार मिसळणे. पुढे 1932 मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र उभे राहिले आणि कालव्याखालच्या जमिनींचे थर, चुना आणि निचरा यांनुसार वर्गीकरण झाले. त्या कामामागेही हीच समज होती की पिकाचा आजार बऱ्याचदा रोपात नसतो, मुळाच्या भोवती असतो.

पानावरून निदान करण्याची विद्याही काही कमी प्रतीची नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. फ्रान्समध्ये युसेब ग्रिस यांनी 1840 च्या दशकात पिवळ्या पानांना लोहाचा क्षार लावून ती पुन्हा हिरवी करून दाखवली. त्यानंतर जर्मनीत सॅक्स आणि नॉप यांनी मातीशिवाय, नुसत्या पाण्यात क्षार विरघळवून रोपे वाढवली. एकेक क्षार वगळला की कोणते लक्षण दिसते, हे त्यामुळे कळू लागले. इंग्लंडमधल्या लाँग ॲश्टन केंद्राच्या टॉमस वॉलेस यांनी 1943 मध्ये अशा लक्षणांचे रंगीत चित्रांचे पुस्तकच काढले. नत्र, पालाश, मॅग्नेशियम हे रोपात इकडून तिकडे फिरणारे घटक, म्हणून त्यांची उणीव आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम जिथे गेले तिथेच राहतात, म्हणून त्यांची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांवर उमटते. हा नियम आजही खरा आहे आणि बागायतदाराने तो पाठच करावा. पण ही चित्रे आली कुठून, हे आपण विसरतो. ती बव्हंशी अशा रोपांची आहेत, ज्यांना बाकी सगळे मिळत होते आणि फक्त एक घटक मुद्दाम काढून घेतला होता. शेतात असे सरळ काही घडत नाही. तिथे लोह भरपूर असूनही मुळाला मिळत नाही, मॅग्नेशियम असूनही जास्तीचे पालाश त्याला आत येऊ देत नाही, आणि निचरा नसेल तर मूळच गुदमरते. घटक खरोखर कमी असो वा नुसता मिळत नसो, पानावरचा पिवळेपणा सारखाच दिसतो. कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवरचा तक्ता काय कमी पडले ते सांगतो. ते का कमी पडले, हे त्याला सांगता येत नाही.

ऊस बागायतदारांना हा फरक अनुभवाने ठाऊक आहे. चुनखडीच्या जमिनीत उसाची कोवळी पाने पिवळी, पुढे पांढरट पडतात. शेतकरी त्याला केवडा म्हणतात आणि हिराकस देतात. हिराकस नुसते जमिनीत टाकले तर चुना त्यातले लोह धरून ठेवतो आणि पैसे मातीत जातात. शेणखतात मुरवून दिले किंवा पानांवर फवारले तर गुण येतो. लोह दोन्हीकडे तेच, मात्राही तीच असू शकते. मुळाभोवतीची परिस्थिती बदलली की निकाल बदलतो.

दक्खनच्या बेसॉल्टवर बसलेल्या या पट्ट्यात दुखण्याचे मूळ आणखी एका कारणाने पाण्याकडे जाते. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पुण्याकडे येईतो तो सातशेच्या आसपास उरतो. पश्चिम मावळात पाऊस क्षार धुऊन नेतो आणि माती तांबूस, आम्लाकडे झुकणारी असते. पूर्वेला चाकण-खेडकडे चुना मातीत राहतो, विहिरींत उतरतो आणि त्या पाण्याबरोबर पिकाला मिळतो. एवढ्या थोड्या अंतरात माती बदलते, आणि खताची एकच शिफारस दोन्हीकडे चालवली जाते.

त्यात या पट्ट्याला औषधाची सवय लागली, तीही इथल्याच एका अभिमानास्पद कारखान्यामुळे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. या कारखान्याने देशाला स्वस्त पेनिसिलिन दिले, त्याचे ऋण मोठे आहे. माणसांच्या औषधांबरोबर तिथे पिकांचीही औषधे तयार झाली. तिथले शास्त्रज्ञ थिरुमलाचार यांच्या संशोधनातून ऑरिओफंगिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक आले, आणि स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनच्या मिश्रणाची स्ट्रेप्टोसायक्लीनची छोटी पुडी तर महाराष्ट्राच्या गावोगावच्या दुकानात पोहोचली. डाळिंबाचा तेल्या, लिंबाचा खैऱ्या, कापसाचा करपा अशा जिवाणूजन्य रोगांवर ती वापरली जाई. अडचण पुडीत नव्हती, ती देण्याआधी निदान होत नव्हते, यात होती. ठिपका दिसला, पिवळेपणा दिसला, की पुडी टाकीत. लोहाच्या उणिवेवर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नाही. पण चार दिवसांनी ऊन-पाऊस बदलून रोप थोडे सावरले, तर श्रेय पुडीला. 2021 च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने या दोन प्रतिजैविकांचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा मसुदा काढला, तो औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या भीतीमुळे. त्या निर्णयाचे स्वागतच आहे. पण पुडी गेली म्हणून निदान आपोआप सुधारत नाही, तिची जागा दुसरी बाटली घेते.

या सगळ्याची खरी कसोटी लागली ती छपराखाली. 1991 नंतर निर्यातीच्या फुलांसाठी पुणे परिसरात मोठी हरितगृहे उभी राहिली. त्यांतली कित्येक दशकभरात बंद पडली. पुढे तळेगावला एमआयडीसीने फुलशेतीसाठी वेगळे क्षेत्र राखले, पणन मंडळाने तळेगाव दाभाडेला डच सहकार्याने प्रशिक्षण केंद्र काढले, आणि 2005-06 च्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाने निम्म्या खर्चाचे अनुदान देऊन दहा-वीस गुंठ्यांचे पॉलिहाऊस साध्या शेतकऱ्याच्याही आवाक्यात आणले. एका बाजूला मोटारींचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूला व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जाणारा मावळचा गुलाब, असे चित्र तयार झाले. काळ्या मातीत निचरा होत नाही म्हणून बाहेरून तांबडी माती आणायची, त्यात शेणखत आणि भाताचे तूस मिसळायचे, गादीवाफे करायचे, ही पद्धत रूढ झाली. मातीचा सामू (पीएच) सहाच्या आसपास, म्हणजे उत्तम. पहिले वर्ष झकास जाते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गुलाबाच्या शेंड्याची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लक्षण लोहाचे, म्हणून लोह दिले जाते. थोडा फरक पडतो, पुन्हा पिवळे.

अशा वेळी पानाकडे नाही, ठिबकच्या नळीकडे पाहावे. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे कडक पुट धरलेले दिसते. त्यावर आम्लाचा एक थेंब टाकला की ते फसफसते. तो चुना आहे, आणि तो पाण्यातून आला आहे. कूपनलिकेच्या पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट रोज थोडे थोडे मातीत जाते, सहाचा सामू साडेसातच्या वर नेते, आणि मातीत मुबलक असलेले लोह मुळाला न विरघळणाऱ्या रूपात अडकते. आणलेली तांबडी माती दोन-तीन वर्षांत चुनखडीच्या रानासारखी वागू लागते. दुकानातून येणारे चिलेटेड लोहही दोन जातींचे असते. ईडीटीए प्रकारातले पिवळसर, स्वस्त आणि सामू साडेसहाच्या पुढे गेला की लोह सोडून देणारे. ईडीडीएचए प्रकारातले काळपट लाल, पाण्याला दारूसारखा गडद रंग देणारे, महाग, पण चुन्याच्या मातीतही टिकणारे. फवारणीसाठी पहिले चालते, मुळाशी देताना मात्र सामू न मोजता ते घेणे फुकटचा खर्च. आणि दुसऱ्यानेही दुखणे थांबत नाही, फक्त दबते. दुखणे थांबवायचे तर टाकीतल्या पाण्यात मोजून फॉस्फरिक किंवा नायट्रिक आम्ल सोडून बायकार्बोनेट मारावे लागते, किंवा शेततळ्यात साठवलेले पावसाचे पाणी त्यात मिसळावे लागते.

यावर पहिला आक्षेप अनुभवी शेतकऱ्याच्या नजरेचा. तीस वर्षे गुलाब लावणाऱ्याला मोजमापाची काय गरज? त्याची नजर मी मानतो, कारण बिघाड सर्वांत आधी तिलाच कळतो. पण ती नजर ज्या रानात घडली, त्या रानातल्या मातीला ओळखते. बाहेरून आणलेली माती, नव्याने खणलेली सहाशे फुटांची कूपनलिका आणि रोज विरघळून जाणारे खत ही सगळी अशी परिस्थिती आहे, जिची आठवण कोणाच्याच नजरेत नाही. दुसरा आक्षेप आधुनिक आहे: आता माती नकोच, कोकोपीटमध्ये लावा, म्हणजे मातीचे प्रश्न संपले. तिथे तर प्रश्न वाढतो. मातीत सेंद्रिय कर्ब आणि चिकणमाती काही काळ चुका पोटात घालतात. कोकोपीटमध्ये पाण्याचा दोष काही आठवड्यांत पानावर येतो. कॅनडात 2018 मध्ये गांजा कायदेशीर झाला आणि तिथे बंद खोलीत, दिव्यांखाली, मातीविना हे रोप मोठ्या प्रमाणावर वाढवले जाते. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने त्याची विनापरवाना लागवड गुन्हा आहे आणि त्याची भलामण करण्याचा इथे हेतू नाही. पण ज्या खोलीत ऊन, वारा, पाऊस, माती सगळेच माणसाच्या हातात आहे, तिथेही पाने पिवळी पडतातच, आणि तिथला जाणकारही बाटली उघडण्याआधी पाण्याचा सामू, क्षार आणि मुळाखालून निथळलेले पाणी मोजतो. रोपाचे शरीरशास्त्र गुलाबासाठी वेगळे आणि गांजासाठी वेगळे नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. लहान शेतकऱ्याला प्रयोगशाळा परवडत नाही, अहवाल वेळेवर येत नाही. देशात 1955-56 मध्ये 24 माती परीक्षण प्रयोगशाळा निघाल्या आणि 2015 मध्ये मृदा आरोग्य पत्रिका घरोघरी आली. म्हणजे सरकारने खर्च केलाच आहे, पण कशावर केला ते पाहा. पत्रिकेत बारा घटक आहेत: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. त्यात मुक्त चुना नाही. ज्या पाण्याने ती माती भिजते, त्याचा तर उल्लेखही नाही. लोह कमी असे पत्रिका सांगते, शेतकरी लोह विकत घेतो, आणि चुना ते गिळून टाकतो. पाण्यातले बायकार्बोनेट मोजणे हे मॅन यांच्या काळातही जमणारे साधे काम होते. त्याला ना महागडे यंत्र लागते ना परदेशी रसायन.

या पट्ट्यात पाण्यावरून रक्त सांडले आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडसाठी बंद जलवाहिनी टाकण्याच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे मारले गेले. तेव्हापासून चर्चा होते ती पाणी किती मिळणार याची. पण धरणात साठलेले पावसाचे पाणी आणि कूपनलिकेतून उपसलेले चुन्याचे पाणी यांत पिकाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नदीचे मऊ पाणी शहराकडे गेले आणि शेतकऱ्याच्या वाट्याला खोल पाणी आले, तर त्याचा हिशेब लिटरमध्ये पुरा होत नाही. पिवळ्या शेंड्यांचे, वाया गेलेल्या खताचे आणि बाजारात न चाललेल्या फुलांचे पैसेही त्यात धरावे लागतात.

म्हणून मावळ, खेड आणि हवेलीतल्या बागायतदारांनी, त्यांच्या संघांनी आणि तालुका कृषी कार्यालयांनी एक मागणी लावून धरावी. मृदा आरोग्य पत्रिकेत आणखी दोन रकाने हवेत: मातीतला मुक्त चुना आणि सिंचनाच्या पाण्यातले बायकार्बोनेट. तोवर, शेंडा पिवळा पडला तर दुकानात जाण्याआधी मोटारीचे पाणी स्वच्छ बाटलीत भरून प्रयोगशाळेत द्या.