मताधिकाराची मिरवणूक आणि संगीतिका

अमेरिकेतील स्त्रियांनी मताधिकारासाठी, म्हणजे निवडणुकीत मत देण्याच्या कायदेशीर हक्कासाठी, दिलेला लढा शायना टॉब यांनी ‘सफ्स’ या संगीतिकेत, म्हणजे गाण्यांतून कथानक पुढे नेणाऱ्या नाटकात, मांडला आणि २०२४ मध्ये ती न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आली. अशी कलाकृती गावाने वा वस्तीने एकत्र बसून पाहणे सर्वस्वी उचित आहे, कारण मूळ चळवळच लोकांच्या डोळ्यांसमोर, भर रस्त्यात वाढली. ३ मार्च १९१३ रोजी, नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, चळवळीच्या नेत्या ॲलिस पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनमध्ये हजारो स्त्रियांची मिरवणूक काढली; अग्रभागी पांढऱ्या घोड्यावर इनेझ मिलहॉलंड होत्या, तर ट्रेझरी इमारतीच्या पायऱ्यांवर स्वातंत्र्य, न्याय अशा कल्पनांना मानवी रूप देणारे दृश्यनाट्य सादर झाले. मात्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेवटी चालावे, असे इलिनॉयच्या तुकडीतील आयडा बी. वेल्स यांना सांगण्यात आले, तेव्हा त्या बाजूच्या गर्दीत थांबल्या आणि तुकडी जवळ येताच तिच्यात शिरून आपल्या राज्याच्या स्त्रियांसोबत चालल्या. हा प्रसंग वगळून या लढ्याचा इतिहास सांगणे अन्यायाचे ठरेल. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या १९२० च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीनंतरही दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रत्यक्ष मतदानासाठी १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत थांबावे लागले.